बावीसपैकी बावीस

त्या उन्हाळ्यात बोम्मसंद्र्यामागच्या गावातल्या बोअरवेल एकेक करून कोरड्या पडल्या आणि टँकरच्या पाळ्या लागल्या. गाव म्हणायचं ते आपलं सवयीनं. शेतं केव्हाच कारखान्यांच्या भिंतींआड गेली होती. उरलं होतं अंबाभवानीचं देऊळ, देवळाचा पत्र्याचा हॉल, आणि कधीकाळी कुठल्याशा फौजेबरोबर येऊन इथंच मुरलेल्यांची पंचवीस-तीस मराठी घरं. बायका पहाटे घागरी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, सातला निळे कोट चढवून कारखान्यांत झाडायला-पुसायला जायच्या, आणि संध्याकाळी साडेसातला हॉलमध्ये मांडी घालून अक्षरं गिरवायच्या.

या वर्गाची टीचर चंदना. वय चौतीस, पीयूसी म्हणजे बारावी पास, दिवसा घरी ब्लाउज शिवणारी. घरात मराठी चालायचं, पण बसची पाटी, रेशनचं कार्ड, कारखान्याच्या भिंती सगळं कन्नड, म्हणून वर्गातली अक्षरंही कन्नडच. वर्ग चालवायची शहरातल्या जयनगर भागातली एक संस्था, आणि संस्थेला पैसा द्यायची एक मोठी कंपनी. चंदनानं ती कंपनी कधी पाहिली नव्हती. रोज सात पस्तीसला मोबाइलवर वर्गाचा फोटो काढून पाठवायचा, एवढाच तिचा कंपनीशी संबंध.

वर्गात बावीस जणी होत्या. त्यातली सगळ्यांत मोठी गोजराबाई, चंदनाची सासू. अठ्ठावन्न वर्षांची, हाडापेरानं मजबूत, बोलायला फटकळ. दोन वर्षांत तिला सही यायला लागली होती आणि नऊ अक्षरं. दहावं अक्षर आलं की पहिलं जायचं. पण सही मात्र झोकदार. हजेरीच्या वहीत अंगठ्याऐवजी सही केली त्या दिवशी तिनं घरी येऊन दगडानं अंगठा घासला होता आणि सांगितलं होतं, "आयतु, झालं. ह्याचं काम संपलं."

फेब्रुवारीत जयनगरहून विद्याताईंचा फोन आला. विद्या संस्थेची समन्वयक, मूळची पुण्याची, नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळं इथं आलेली. बाई मनानं चांगली, पण अलीकडं तिच्या तोंडी आकड्यांशिवाय काही नसायचं.

"चंदना, ऐक. पुढच्या वर्षीचं फंडिंग या टेस्टवर आहे. एटी परसेंट पास लागतात. मिनिमम. तुझं सेंटर खूप मागं आहे गं, मी कितीदा कव्हर करू?"

त्या संध्याकाळी चंदनानं फोटो काढला आणि फळ्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "रविवारी परीक्षा हाय. शंभरात ऐंशी पास नाय झाले तर वर्ग बंद."

मग कस्तुरी बोलली. ही वर्गातली हुशार, तिसऱ्या महिन्यातच बसच्या पाट्या वाचायला लागली होती.

"बावीसांत किती झाले ते, टीचरक्का?"

"अठरा."

"आणि वाचाय किती जणींना येतं?"

नऊ जणींना येत होतं. बाकीच्या तेरा येत होत्या, गिरवत होत्या, पेंगत होत्या, आणि परत येत होत्या. दिवसभर लोखंडाचा कीस झाडून आलेल्या हातांत खडू धरवत नव्हता, त्यात त्यांचा काय दोष?

"म्हंजे अठरा डोकी भरली पायजेत," कस्तुरीनं आपल्या भाषेत हिशेब लावला.

चंदना दमली होती. टँकरच्या रांगेत पहाटे तिचं भांडण झालं होतं, मशिनची सुई तुटली होती. ती म्हणाली, "हो बाई. अठरा डोकी भरली म्हंजे झालं."

हे वाक्य तिनं म्हणायला नको होतं.

कारण डोकी भरणं हा त्या बायकांचा जुना शिरस्ता होता. कारखान्याच्या गेटवर ठेकेदाराचा सुपरवायझर परसू चिठ्ठ्या घेऊन उभा असायचा. नाव पुकारलं की "आलं" म्हणायचं आणि आत जायचं. कुणाला ताप आला, कुणाची पोर अडली, तर जाऊ नाहीतर शेजारीण निळा कोट चढवून तिच्या चिठ्ठीवर जायची. दिवस तिच्या नावावर पडायचा. पुढं कधी हिनं तिच्यासाठी जायचं. याला बदली म्हणायचे. परसू तोंडं बघत नसे, डोकी मोजत असे. यात लबाडी आहे असं त्या गावात कुणाच्या बापाला वाटलं नव्हतं. उलट जी बदलीला जाणार नाही तिला लोक नावं ठेवायचे.

परीक्षा रविवारी शाळेच्या तीन खोल्यांत, एकामागून एक तीन तुकड्यांनी झाली. टीचरनं आसपास फिरकायचं नाही असा नियम होता. परीक्षक बाहेरचे, प्रत्येक खोलीत वेगळा. चंदना घरी ब्लाउजला काजं करत बसली, आणि काजाला काज जुळेना. दुपारी बायका परतल्या त्या हसत, एकमेकींना ढोसत. गोजराबाईनं आल्या आल्या ताक मागितलं.

"कसा गेला पेपर, आत्ते?"

"बरा गेला की," गोजराबाई म्हणाली आणि ताक संपेपर्यंत सुनेकडं पाहिलंच नाही.

*

दहा दिवसांनी चंदना चुलीवर नाचणीचं पीठ शिजवत होती, त्याचे गोळे, मुद्दे, वळायचे होते. विद्याताईंचा फोन आला. आधी नुसता आरडाओरडा ऐकू आला.

"बावीसपैकी बावीस! चंदना! हंड्रेड परसेंट! पूर्ण जिल्ह्यात एकटं सेंटर! मी यादी पाठवलीये, बघ!"

चंदनानं यादी उघडली. पहिल्यांदा तिला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं. मग नावं वाचता वाचता तिचं बोट एका ओळीवर थांबलं. गोजराबाई. शंभरात एक्क्याण्णव.

पीठ भांड्याला लागलं, करपल्याचा वास सुटला, तरी ती तशीच उभी राहिली.

गोजराबाई अंगणात पाय धूत होती. पाणी जपून, तांब्याच्या धारेनं. चंदनानं दुधाची रिकामी पिशवी तिच्यासमोर धरली.

"वाचा."

गोजराबाईनं पिशवीकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, आणि पदरानं तोंड पुसलं. तिच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती, हेच चंदनाला जास्त लागलं.

"कस्तुरी बसली की माझ्या नावावर," ती सरळ म्हणाली. "त्या नऊ जणी तिन्ही खोल्यांत बसल्या. आपलं झालं की कोट बदलला, मास्क लावला, पुढल्या खोलीत. तूच म्हटलीस न्हवं डोकी भरा म्हणून?"

"मी तसं म्हटलं?"

"मग कसं म्हटलीस?"

चंदनानं पिशवी खाली घेतली. तिनं विचारलं, "आणि अठरा पुरे होते. बावीस कशाला?"

"आगं, चौघींना गाळायचं कसं?" गोजराबाईला सुनेच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "कुणाला गाळायचं? जिला गाळू तिला वाईट नाय वाटणार?"

रात्रीचं जेवण करपट झालं. चंदनाचा नवरा रणजीत कारखान्याची स्टाफबस चालवायचा. त्यानं एक घास घेऊन नाक मुरडलं, पण बायकोचा चेहरा बघून बोलला काहीच नाही. चंदनानं ठरवलं, झालं ते झालं. वर्ग तर वाचला. वर्षभरात या तेरा जणींना खरोखर शिकवू आणि यादीला खरी करून टाकू. तिनं स्वतःची अशी समजूत घातली आणि चक्क चार दिवस ती तिला पटलीही.

पाचव्या दिवशी पत्र आलं.

देवळाच्या हॉलमध्ये सर्टिफिकेटं वाटली, हारतुरे झाले, बावीस जणींचा फोटो निघाला. आणि सर्टिफिकेटांच्याच लिफाफ्यातून एक वेगळा कागद निघाला. चंदनानं तो देवळाच्या पायरीवर उभं राहून वाचला. सदर केंद्र पूर्ण साक्षर झाल्यामुळं एक तारखेपासून बंद करण्यात येत आहे. निधी गरजू केंद्राकडं वळवण्यात येईल. हार्दिक अभिनंदन.

तिनं तो तीनदा वाचला. आत बायका पेढे खात होत्या.

"काय लिहिलंय, टीचरक्का?" एकीनं विचारलं.

चंदनाचा तोल गेला. "सर्टिफिकेट मिळालंय न्हवं? वाचा की तुम्हीच!" असं ओरडून तिनं कागद त्यांच्यात फेकला. कस्तुरीनं कागद उचलला, ओठ हलवत वाचला आणि हळूच खाली ठेवला. बाकीच्या तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

*

सर्टिफिकेटाची बातमी गेटवर पोचायला वेळ लागला नाही. कारखान्यात आतल्या खोल्यांत, जिथं लोखंडावर चकाकी चढवतात तिथं, वाचता येणारीच बाई ठेवायची असा नवा नियम आला होता. आतलं काम म्हणजे ऊन नाही, कीस नाही, आणि नोकरीचं कार्ड पक्कं. परसूनं सर्टिफिकेटं बघितली आणि चौघींना आत पाठवलं. त्यात गोजराबाई.

आत शिरण्याआधी त्यानं एक छापील कागद पुढं केला. "सर्व सूचना वाचल्या व समजल्या" असं त्यावर होतं, हे चंदनाला मागाहून कळलं. गोजराबाईनं पेन मागून घेतलं आणि ऐटीत सही ठोकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता रणजीतचा फोन आला. "आईला लागलंय. गेटवर ये. पळत ये."

चंदना पायांत चप्पल न घालता पळाली. डांबर तापलं होतं, ते तिला घरी परतल्यावर तळवे बघून कळलं.

गोजराबाई गेटजवळच्या बाकावर बसली होती. डावा पाय पुढं केलेला. पायाच्या वरच्या बाजूची कातडी पांढरी पडली होती, तिच्या कडा लाल झाल्या होत्या आणि घोट्याजवळ ती ओल्या कागदासारखी सुटली होती. एक पोरगेली नर्स पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन वाकडा करून त्यावर धार धरत होती. नळाला पाणी नव्हतं. कॅन संपत आला होता.

"दुसरा आणा!" नर्स ओरडत होती. "कमीत कमी वीस मिनिटं पाणी पाहिजे!"

झालं असं की आतल्या खोलीची फरशी धुवायला साबणाचं पाणी घ्यायचं होतं. कोपऱ्यात दोन पांढरे कॅन शेजारी शेजारी, एकाच आकाराचे. दोन्हींवर लिहिलेलं होतं, ठळक, कन्नडात. एकात साबण होता, एकात ॲसिड. गोजराबाईनं जवळचा कॅन उचलून ओतला. धूर उठला, तशी ती दचकली आणि कॅन हातातून सुटला.

"आत्ते, कुणाला विचारायचं तरी!" चंदनाचा आवाज चिरकला.

गोजराबाई दात खाऊन बसली होती. ओठ निळे पडले होते. म्हणाली, "वाचता येतंय म्हणून आत घातलेली बाई मी. विचारू कशी?"

चंदनाला वाटलं, आपल्याच हातांनी आपण तो कॅन तिच्या पायावर ओतला.

परसू थोडा बाजूला उभा होता, कागद छातीशी धरून. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता. "माझ्यावर नका ढकलू अक्का. सर्टिफिकेट हाय, सही हाय त्यांची. वाचलं, समजलं म्हणून. मी काय करू सांगा."

चंदनानं तो कागद घेतला. सासूची सही खाली झोकात उभी होती. दोन वर्षं तिनंच तिचा हात धरून शिकवली होती.

*

दुसऱ्या दिवशी ती जयनगरला गेली. दोन बस बदलून, बाजाराच्या गर्दीतून, तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या ऑफिसात. विद्याताईंनी तिला पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि पांढऱ्याफटक पडल्या.

"कुणाला बोललीस हे?"

"नाय अजून."

"चंदना, मला नीट ऐक. नियम असा आहे की ऐंशी ते पंच्याण्णव आलं तर सेंटर रिन्यू. पंच्याण्णवच्या वर आलं तर कम्प्लीट. क्लोज."

"म्हंजे अठरा पास झाले असते तर..."

"तर वर्ग चालू राहिला असता." विद्यानं डोळे मिटले. "तुमच्या बायकांनी जास्तीचे चार केले."

चंदनाला सासूचा चेहरा आठवला. जिला गाळू तिला वाईट नाय वाटणार? तिला हसू फुटलं आणि ते हसू कसंनुसं वाटून तिनं तोंडावर हात ठेवला.

"आता काय करायचं?"

"शनिवारी रिव्ह्यू आहे. कंपनीचे रघुपती सर येतात. त्यांच्यासमोर सांगायचं की आकडा चुकीचा आहे. करेक्शनचा फॉर्म असतो, आजवर कुणी भरलेला नाही. मग सेंटर लाल यादीत जातं, आणि लाल सेंटरला सुधारायला एक वर्ष मिळतं. एकच." विद्या थांबली. "पण प्रत्येकीनं स्वतः येऊन लिहून द्यायचं की मला वाचता येत नाही. सर्टिफिकेट रद्द. आणि ते कारखान्याला कळवलं जातं."

"म्हंजे आतलं काम जाणार."

"आणि माझी बाकीची पाच सेंटर्स पुन्हा तपासली जाणार. सगळीकडं काय निघेल मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची भीती वाटते." विद्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी तुला ये म्हणणार नाही, चंदना. नको येऊ असंही नाही म्हणणार."

घरी रणजीतनं ऐकून घेतलं आणि तो भडकला. "आईचा पाय बरा झाला की कार्ड पक्कं हाय. परसूनं शब्द दिलाय, तिला पायपुसणी धुवायला बसवतो म्हणून. त्या तेरा घरांतून पक्क्या कार्डाची आशा घालवणार तू? कशापायी? गिरवायापायी?"

"उद्या दुसरीच्या तोंडावर उडलं तर?"

"सांगून टाक त्या परसूला, त्यांना दुसरीकडं कामाला घाल म्हणून!"

"आणि औषधाच्या बाटलीवर? आणि पुढल्या कागदावर? कोण कोण किती ठिकाणी सांगत फिरणार?"

गोजराबाई भिंतीला टेकून बसली होती, पट्टी बांधलेला पाय उशीवर. दोघं तिच्याबद्दल तिच्यासमोर भांडत होते आणि ती छताकडं बघत होती. मग म्हणाली, "स्वल्प पाणी दे गं." पाणी पिऊन म्हणाली, "कस्तुरीला बोलाव. सगळ्यांनाच बोलाव."

बायका आल्या, हॉलमध्ये नाही, घरात. दाटीवाटीनं बसल्या. चंदनानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कार्ड जाऊ शकतं हेही सांगितलं. मग गोजराबाईनं पायाची पट्टी सोडली. एवढंच. कुणी तोंड फिरवलं, एक बाई हमसून रडायला लागली.

"मी जाणार हाय," गोजराबाई म्हणाली. "ज्यांना यायचं त्यांनी या. बेड, नको म्हणणारीला मी नावं ठेवणार नाय."

*

शनिवारी कामाचा दिवस होता. सकाळी परसूनं गेटवर नावं पुकारली आणि बावीस चिठ्ठ्यांना कुणी "आलं" म्हटलं नाही. बदलीसुद्धा नाही. त्यानं चंदनाला चार फोन केले. ती तेव्हा बसमध्ये सासूला खिडकीकडची जागा मिळवून देत होती.

काचेच्या ऑफिसात बावीस निळे कोट शिरले तेव्हा तिथली मुलं कॉम्प्युटरवरून उठून बघायला लागली. खुर्च्या पुरल्या नाहीत. बायका खाली फरशीवर बसल्या आणि फरशी किती गार आहे ते हातानं चाचपू लागल्या.

रघुपती सर पन्नाशीचे, शांत, कन्नड बोलणारे. भिंतीवरच्या पडद्यावर चंदनाच्या केंद्राचा ठिपका हिरवागार होता.

"तुमचंच ना हे केंद्र? फार छान," ते म्हणाले.

चंदना उभी राहिली. पाठ केलेलं भाषण ती जागच्या जागी विसरली.

"सर, हा आकडा खोटा आहे."

सरांची नजर पडद्याकडं गेली. चंदना थांबली नाही.

"यांतल्या तेरा जणींना वाचता येत नाही. त्यांच्या नावावर दुसऱ्या बसल्या. डोकी भरा असं मीच म्हटलं होतं, चूक माझी आहे. मला काढा. पण वर्ग बंद करू नका. बावीसपैकी नऊ, एवढंच आमचं खरं काम आहे. दिवसाला दहा तास झाडून येणाऱ्या नऊ बायका दोन वर्षांत वाचायला शिकल्या, हे तुमच्या पडद्यावर थोडं दिसत असेल सर, पण ते थोडं नाही. आणि राहिलेल्या तेरांना हिरवा ठिपका नकोय, वर्ग पायजे."

रघुपती सरांना धक्का बसला होता आणि तो त्यांना लपवता येत नव्हता. त्यांनी टेबलावरचं एक पत्रक उचललं आणि उगाच खात्री करावी तसं समोर बसलेल्या गोजराबाईपुढं धरलं. तिला यादीत एक्क्याण्णव गुण होते.

"हे वाचा, अम्मा."

गोजराबाईनं पत्रक हातात घेतलं. उलटं धरलंय की सुलटं, ते तिनं आधी चित्रावरून ठरवलं. मग बोट ठेवलं. एक अक्षर बोलली. दुसरं बोलली. तिसऱ्यावर बोट थांबलं ते थांबलंच. तिच्या कपाळावर घाम आला. मागं कॉम्प्युटरजवळ कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. चंदनाला पुढं होऊन ते पत्रक हिसकावून घ्यावंसं वाटलं.

"येत नाय," गोजराबाई म्हणाली आणि पत्रक नीट घडी करून परत दिलं.

"पायाला काय झालं?"

"सर्टिफिकेट लागलं," ती म्हणाली.

सरांनी विद्याकडं पाहिलं. विद्यानं खाली मान घालून करेक्शनचा फॉर्म पुढं केला. तिनं तो आदल्या दिवशीच छापून ठेवला होता. बावीस नावांची यादी, प्रत्येक नावापुढं एक रिकामा चौकोन.

"नियम नियमच आहे," सर हळू आवाजात म्हणाले. "लिहून दिलंत तर एक वर्ष मिळेल. पण कारखान्याला कळवावं लागेल. पुन्हा विचार करा."

गोजराबाई भिंतीला धरून उठली. लंगडत टेबलाशी आली. विद्यानं तिच्या हातात पेन दिलं, आणि घाईत यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं सही करा, काकू."

गोजराबाई वाकली. यादी डोळ्यांजवळ नेली. ओठ हलले.

"हे माझं न्हवं. हे कस्तुरीचं," ती म्हणाली. तिचं बोट दोन ओळी खाली सरकलं आणि ठाम थांबलं. "माझं हे."

विद्या बघतच राहिली. "मग... सही करा ना इथं. सही येते ना तुम्हाला?"

"येती की. झकास येती." गोजराबाईनं पेन उघडलं. "त्या सहीनंच पाय भाजला, बाई. वाचता येतंय असं वाटतं लोकांना. शाई आणा."

"शाई नाहीये आमच्याकडं. स्टॅम्पपॅड वगैरे... सगळं कॉम्प्युटरवरच असतं."

"सरी, बरं," गोजराबाई म्हणाली.

तिनं डाव्या हाताचा अंगठा वर केला. पहिली सही केली त्या दिवशी दगडानं घासलेला. त्यावर ती बॉलपेन फिरवायला लागली, उभं, आडवं, सगळ्या रेषा निळ्या भरेपर्यंत, शांतपणे, सगळं ऑफिस बघत असताना. गोजराबाईनं आपल्या नावासमोरच्या चौकोनात अंगठा दाबला, डावीकडून उजवीकडं गोल फिरवला आणि उचलला.

मग पेन मागं केलं. मागं बारा जणी उभ्या राहिल्या होत्या.

शाई कुठं पुसायची म्हणून गोजराबाईनं आजूबाजूला पाहिलं. भिंती सगळ्या काचेच्या होत्या. ती अंगठा अंगापासून लांब धरून परत येऊन बसली आणि सुनेला म्हणाली, "सोमवारी ते तिसरं अक्षर परत दाखव. तिथंच अडलं बघ."